व्हय म्हाराजा

गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले की मालवणाकडच्या आमच्या घरात दोन गोष्टी ठरलेल्या. देवापुढे गाऱ्हाणं आणि ओटीवर घरची बैठक. गाऱ्हाण्याला मोठे काका नारळ घेऊन उभे राहतात आणि त्यांच्या प्रत्येक मागण्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. बैठकही तशीच चालते, फक्त नारळ नसतो.

काका वाईट नाहीत. हात सढळ, आजारपणात रात्रभर उशाशी बसणारा माणूस. पण 'तुला काय वाटतं?' असं त्यांनी घरात कुणाला विचारल्याचं आठवत नाही. आम्हालाही ते सोयीचंच. निर्णय फसला तर नावं ठेवायला काका आयतेच!

बाबासाहेब आंबेडकर 4 नोव्हेंबर 1948ला संविधान सभेत म्हणाले होते, की भारतातली लोकशाही हा मुळात लोकशाही नसलेल्या जमिनीवरचा वरवरचा थर आहे. त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. कातळावर पसरलेल्या मातीचं पहिल्या पावसात काय होतं, ते कोकणात कुणाला सांगावं लागत नाही.

आमच्या वहिनी ग्रामपंचायतीच्या सदस्य. ग्रामसभेत उभं राहून ग्रामसेवकाकडे नळयोजनेच्या खर्चाचा हिशोब मागतात. घरच्या बैठकीत मात्र चहाचा ट्रे ठेवून माजघराच्या दाराशी.

गेल्या वर्षी घरची कातळाची जमीन विकायचा विषय निघाला. काकांनी भाव सांगितला आणि सह्यांसाठी कागद पुढे केले. सातबाऱ्यावर आत्याचंही नाव. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारा कायदा महाराष्ट्राने 1994 साली केला, केंद्राने 2005 साली. पण हक्कसोडपत्रावर सही केली तरच माहेर टिकतं, ही समजूत त्याहून जुनी. आत्याने चष्मा पदराला पुसला.

"दादा, सही व्हयी तर आधी माका सांग, कातळ इकूचो कित्याक?"

काका चिडले. मग नाइलाजाने सांगू लागले. सोसायटीचं कर्ज, कौलांचा खर्च. निम्मं आम्हाला तेव्हाच कळलं. वहिनी ओटीवर येऊन बसल्या, "कागद मोठ्यान वाचा" म्हणाल्या. वाचताना विहिरीकडची वाटही त्यात जातेय, हे दहावीतल्या पुतणीने दाखवलं.

विक्री तूर्त थांबली. काका अजून आत्यावर रुसलेत, पण यंदाच्या बैठकीची वेळ त्यांनी सगळ्यांना फोन करून विचारली. दुपारची ठरलीय, म्हणजे चहा कोण करणार हा वाद व्हायचाच आहे.