पिनहोलमधून दिसलेली ओळ

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली, तेव्हा काका बराच वेळ बोललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "डॉक्टर, काल याहून चांगलं दिसत होतं."

त्यांचा हा एकच डोळा. दुसरा काचबिंदूने कधीच गेला होता. या डोळ्याची नजर आदल्या दिवशी 6/9, म्हणजे जवळजवळ पूर्ण (खालचा आकडा जितका मोठा, तितकी नजर कमी), म्हणून घरच्यांना डोळा ठणठणीत वाटायचा. आजूबाजूचं किती दिसतं ते मोजणाऱ्या फील्ड टेस्टमध्ये मात्र मधलं जेमतेम दहा अंशांचं बेट उरलं होतं, आणि वरून आलेला काळोख थेट केंद्राला टेकला होता. चार प्रकारचे ड्रॉप्स घालूनही डोळ्याच्या आतला दाब 26 मिमी पारा, म्हणजे बराच जास्त. डोळ्यातलं पाणी बाहेर पडायला नवी वाट करून दाब उतरवणाऱ्या ऑपरेशनशिवाय, ट्रॅबेक्युलेक्टमीशिवाय, इलाज नव्हता.

इतक्या पुढे गेलेल्या काचबिंदूत एक भीती असते. ऑपरेशननंतर उरलीसुरली मधली नजरही जाते, आणि कधी कधी कारणही सापडत नाही. आम्ही त्याला वाइप-आउट म्हणतो. क्वचितच होतं, पण ते मी त्यांना आधी स्पष्ट सांगितलं होतं. "गेलेलं परत येणार नाही. आहे ते राखायला ऑपरेशन करतोय," हेही सांगितलं होतं. नव्याने निदान झालेल्या 453 पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये अभ्यास झाला. 2021 मध्ये त्याचे निष्कर्ष आले: दोन वर्षांनी ऑपरेशनवाल्यांचा सरासरी दाब 12.4, औषधवाल्यांचा 15.1, आणि धोके जवळपास सारखेच. पण समोर बसलेल्या माणसाला एकच डोळा असला की सरासरीचा आधार वाटत नाही.

तक्त्यावर त्यांना फक्त वरचं मोठं अक्षर दिसलं. 6/60. माझे हात गार पडले. दाब मोजला, 5. ब्लेब, म्हणजे नव्या वाटेने आलेलं पाणी साठून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर येणारा फुगवटा, छान उठला होता, कुठे गळत नव्हता. मग डोळ्यासमोर पिनहोल धरला; त्याच्या बारीक भोकातून पाहिलं की फोकस बिघडल्यामुळे आलेला धूसरपणा कमी होतो, नस गेली असेल तर फरक पडत नाही. काका थांबत थांबत वाचू लागले आणि 6/24 च्या ओळीपर्यंत आले! ड्रॉप्सच्या बाटलीचं लाल झाकण दाखवलं, तर रंगही बरोबर सांगितला. म्हणजे मधल्या नजरेची नस जिवंत होती. धूसरपणा बहुतेक टाक्यांच्या ओढीने बदललेल्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या (कॉर्नियाच्या) आकाराचा, कमी दाबाचा आणि सुजेचा होता.

हे त्यांना समजावताना माझाच आवाज दाटून आला. "थोडे आठवडे द्या, काका." ते म्हणाले, "देतो. तुम्ही घाबरला होतात ना?" मी हो म्हणालो.

दाब हळूहळू चढला. तिसऱ्या महिन्यात एकही ड्रॉप न घालता 11, नजर 6/12, आणि फील्डमधलं ते बेट होतं तेवढंच. एक ओळ कमी झाली, ती मोतीबिंदू वाढल्यामुळे; या ऑपरेशननंतर तो बऱ्याचदा वाढतो. तो काढायला काका उतावीळ आहेत. पण इतक्यात डोळा पुन्हा उघडला, तर ब्लेब बंद पडू शकतो. म्हणून सध्या आम्ही थांबलो आहोत आणि दर महिन्याला दाब मोजतो आहोत.