दुसरीच्या वर्गात कृतिकोपरे उभे करताना

लहान मुलांनी हाताने काही करत शिकावे, याबद्दल आता शिक्षकांमध्ये फारसे दुमत राहिलेले नाही. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित करता यावे, असे उद्दिष्ट समोर ठेवले. पुढे २०२२ साली आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ या वयोगटाचा एकत्रित विचार झाल्यामुळे पहिली-दुसरीचे वर्ग बालवाडीला जोडले गेले. प्रश्न उरतो तो खोलीचा. पुण्याच्या मध्यवस्तीतील ज्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी शिकवते, तेथे माझ्या वर्गाचा पट ३६ आहे, खोली २० फूट बाय २४ फूट आहे आणि दुपारच्या अधिवेशनात त्याच खोलीत माध्यमिकचा वर्ग भरतो. सकाळी मांडलेले सर्व काही बाराच्या आत आवरून खोली मोकळी करून द्यावी लागते. अशा खोलीत गेल्या शैक्षणिक वर्षी मी कृतिकोपरे, म्हणजे मुलांनी गटाने बसून साहित्य हाताळत स्वतः शिकण्याच्या जागा, कसे उभे केले, ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण साहित्याच्या याद्या भरपूर मिळतात, पण मांडणीबद्दल लिहिलेले फार थोडे वाचायला मिळते.

मला रोज थोडा वेळ फक्त सहा मुलांजवळ बसून त्यांचे वाचन ऐकायचे होते आणि बेरीज करताना ती नेमकी कोठे अडतात, ते जवळून पाहायचे होते. फळ्याजवळ उभे राहून ३६ मुलांच्या बाबतीत हे होत नाही. उरलेली ३० मुले तेवढा वेळ माझ्यावाचून काम करू शकली, तरच ते शक्य होते. म्हणून कोपऱ्यात ठेवायच्या प्रत्येक वस्तूला मी एकच कसोटी लावली: बरोबर आले की चुकले, हे मुलाला साहित्यच सांगेल का? ज्या साहित्यासाठी मुलाला उठून बाईंकडे यावे लागेल, ते कितीही देखणे असले तरी मी बाजूला ठेवले. ही कसोटी जुनीच आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये ‘बालगृह’ नावाची लहान मुलांची शाळा सुरू केली. त्यांच्या पद्धतीत लाकडी ठोकळ्यातल्या खाचांत दट्टे बसवायचे असतात आणि एक दट्टा चुकीच्या खाचेत गेला की शेवटी उरलेला दट्टा कोठेच बसत नाही, त्यामुळे मूल स्वतःच मागे जाऊन शोधू लागते. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला पाने, बिया, शंख-शिंपले अशा परिसरातल्याच वस्तूंमधून बालवाडीचे साहित्य तयार केले. माझ्यासारख्या मोजक्या खर्चात काम करणाऱ्या शिक्षिकेला हा दुसरा धडा अधिक उपयोगी पडला.

मुख्याध्यापिकाबाईंशी बोलण्यापूर्वी मी चौकटीच्या कागदावर एका फुटाला एक चौकट असे धरून खोलीचा आराखडा काढला. दार, खिडक्या, फळा, भिंतीतले कपाट आणि बाहेरच्या व्हरांड्यातला नळ, सगळे त्यावर आले. ३६ मुलांचे सहा-सहाचे गट केले की सहा जागा लागतात: पाच कोपरे आणि सहावी जागा माझ्याजवळची. रोज २५ मिनिटांच्या दोन फेऱ्या ठेवल्या, तर आठवड्याच्या सहा दिवसांत बारा फेऱ्या होतात आणि प्रत्येक गट प्रत्येक जागी आठवड्यातून दोनदा येतो. हा हिशेब कागदावर जुळला, तेव्हाच मुख्याध्यापिकाबाईंची संमती मिळवणे सोपे झाले, कारण वेळापत्रकातील बाकीच्या तासिका जागच्या जागी राहत होत्या.

जागा ठरवताना आवाज, उजेड आणि सांडलवंड या तीन गोष्टी पाहिल्या. आमची इमारत जुनी, दगडी भिंतींची आहे आणि खिडक्यांचे कट्टे इतके रुंद आहेत की त्यांवर मूल मांडी घालून बसू शकते. वाचनाचा कोपरा तेथेच केला आणि एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत दोरी बांधून पुस्तके मुखपृष्ठ समोर येईल अशी अडकवली. त्याच्या शेजारी शब्दांचा कोपरा आला, कारण दोन्हींकडे कुजबुजीवर काम भागते. मोजमापाचा आणि रचनेचा कोपरा समोरच्या टोकाला, दाराजवळ गेला, म्हणजे सांडलेले झाडून लगेच बाहेर काढता येते. गणिताचा कोपरा या दोन्ही टोकांच्या मधोमध भिंतीशी राहिला. मी स्वतः पाठ भिंतीला लावून अशा जागी बसते, की मान वळवली की पाचही कोपरे दिसतात. सात वर्षांच्या मुलाची उंची साधारण १२० सेंटिमीटर असते, म्हणून कोणतीही टोपली कपाटात ९० सेंटिमीटरच्या वर ठेवायची नाही, असे ठरवले. मुलाला टाच उंचावून काही काढावे लागले, की ती वस्तू हमखास खाली येते.

गर्दीचा प्रश्न आसनांनी सोडवला. प्रत्येक कोपऱ्यात सतरंजीचे कापून शिवलेले सहाच चौकोनी तुकडे असतात आणि आसन रिकामे नसेल तर तेथे बसायचे नाही, एवढा एकच नियम आहे.

साहित्यासाठी पुण्याच्या पेठा पुरेशा आहेत. बोहरी आळीत झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे, मणी आणि नाडा मिळाला, बुरुड आळीत बांबूच्या पसरट टोपल्या मिळाल्या आणि अप्पा बळवंत चौकात कार्डशीट आणि गोष्टींची पुस्तके मिळाली. चिंचोके, बाटल्यांची झाकणे आणि आइस्क्रीमच्या काड्या मुलांनी घरून आणल्या. गणितासाठी शंभर मण्यांची माळ मी वर्गातच मुलांकडून ओवून घेतली, दहा लाल, दहा पांढरे अशा क्रमाने. चिठ्ठीवर ४७ आले, की मुलाने चार दशक मोजून पुढे सात मणी सरकायचे आणि तेथे कपड्याचा चिमटा लावायचा; माळेच्या मागे भिंतीवर १ ते १०० अंकांची दुमडलेली पट्टी आहे, तिची घडी उघडली की चिमटा बरोबर लागला की नाही, ते दिसते. शब्दांच्या कोपऱ्यात चित्र आणि शब्द यांची जोडकार्डे प्रत्येकी वेगळ्या वळणाने कापलेली आहेत, त्यामुळे चुकीची जोडी एकमेकांत बसतच नाही.

मोजमापाचा कोपरा मात्र वर्षभर सर्वांत भरून वाहत राहिला. एका मुलाच्या आजींनी घरातली जुनी मापे वर्गाला दिली: चिपटे, मापटे, शेर आणि पायली. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. हे दुप्पट-चौपटीचे गणित मापांच्या आकारातच असल्यामुळे उत्तर तपासायला कोणाचीही गरज पडत नाही. माप काठाला आले की नाही, एवढेच पाहायचे असते. मोजायला पायली भरून उरेल इतकी ज्वारी ठेवली, कारण रवा किंवा वाळू सांडली तर गोळा करता येत नाही आणि पाण्याने फरशी घसरडी होते. पावसाळ्यात किडे होऊ नयेत म्हणून डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकला आणि ऊन पडेल तेव्हा ज्वारी व्हरांड्यात पसरली.

एके दिवशी माझ्या गटाचे वाचन ऐकत असताना त्या कोपऱ्यातील दोघांचा वाद कानावर आला. पायलीत किती चिपटी मावतात, हे शोधायचे होते. मुलाचे उत्तर सोळापेक्षा कमी येत होते आणि मुलीचे सोळा. "तू चोरून दोन घातलीस," असे तो म्हणाला, तेव्हा तिने त्याच्या हातातले चिपटे डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिले आणि म्हणाली, "तुझं शीग लावून आहे, माझं सपाट आहे." मग तिने कंपासपेटीतली पट्टी काढून चिपट्याच्या काठावरून ओढली, वरची ज्वारी टोपलीत पडली, आणि तेव्हापासून ती पट्टी त्या कोपऱ्याच्या साहित्यात कायमची सामील झाली. मोजताना एकक समान हवे, हे सांगण्यासाठी मला फळ्यावर किती वेळ लागला असता आणि किती मुलांच्या लक्षात राहिले असते, याचा विचार मी त्या दिवशी बराच वेळ केला. पुढच्या महिन्यात पाव, अर्धा आणि पाऊण हे शब्द आले, तेव्हा चिपटे म्हणजे शेराचा पाव, हे बहुतेकांना हातांनी आधीच माहीत होते.

रचनेच्या कोपऱ्याची कल्पना पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम केलेल्या अरविंद गुप्ता यांच्या खेळण्यांवरून घेतली. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे लहान तुकडे आणि गूल खरवडून काढलेल्या काड्यापेटीतल्या काड्या, एवढ्यावर मुले त्रिकोण, चौकोन आणि घरे जोडतात. चौकोन कोपऱ्यात दाबला की तिरका होतो, त्रिकोण हलत नाही. आपले घर का डुगडुगते, हे मुलांना उमगले की ती आपणहून तिरकी काडी घालतात. गूल मात्र मी घरीच काढून आणते; ते काम मुलांवर सोपवत नाही.

आवराआवर हा या सगळ्या मांडणीचा कणा आहे, कारण दुपारच्या वर्गाला खोली स्वच्छ आणि वेळेत मिळाली नाही, तर परवानगी टिकणार नाही. प्रत्येक टोपलीच्या तळाशी कार्डशीट घालून त्यावर आतल्या वस्तूंच्या बाह्यरेषा काढल्या. शेराची जागा रिकामी दिसली, की शेर अजून कोठेतरी बाहेर आहे, हे गटप्रमुखाला वाचताही न येता कळते. टाळ एकदा वाजला की हात थांबवायचे, दुसऱ्यांदा वाजला की वस्तू आपापल्या रेषेवर ठेवायच्या. पहिले काही आठवडे मी कोपऱ्यांत काहीही शिकवले नाही. फक्त टोपली आणणे, आसनावर बसणे, आवरणे आणि परत ठेवणे याचाच सराव घेतला. सहकारी शिक्षिकांना तो वेळ वाया जात असल्यासारखे वाटले, पण माझे मत आजही ठाम आहे, की हा सराव नसेल तर कोपरे सुरूच करू नयेत.

पालकांची शंका रास्त होती: वह्या रिकाम्या का दिसतात? त्यांना उत्तर देण्याऐवजी पालकसभेत मी त्यांनाच कोपऱ्यांत बसवले. अनेक आई-वडील चिपट्याने पायली भरत बसले आणि सभेची वेळ संपली तरी उठेनात. नोंदींचा प्रश्न माझ्याजवळच्या सहाव्या जागेने सोडवला. दुसरीला आकारिक, म्हणजे शिकता-शिकता वर्षभर होणाऱ्या, मूल्यमापनाचा भारांश ७० टक्के असतो आणि वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात. प्रत्येक मूल आठवड्यातून दोनदा समोर बसत असल्यामुळे तारीख घालून एकेक ओळ लिहिली, तरी वर्षाच्या शेवटी आठवणीवर विसंबून काही लिहावे लागत नाही. जोडाक्षरांवर कोण अडखळते आणि हातचा घेताना कोण विसरते, हे मला यंदा प्रत्येक मुलाबाबत सांगता येते.

पाचही कोपऱ्यांतील काम मी एकदम कधीच बदलत नाही. आठवड्याला एकाच टोपलीत नवे काम येते, बाकी चार ओळखीच्याच राहतात, म्हणजे नवे समजावून सांगायला मला एकाच ठिकाणी जावे लागते.

येत्या जूनपासून तिसरीच्या बाईंनाही हे सुरू करायचे आहे. त्यांचा पट ४२ आहे. सात गट केले तर बारा फेऱ्यांचा हिशेब मोडतो, म्हणून जागा सहाच ठेवून प्रत्येक ठिकाणी सात आसने घालायची, असे आम्ही दोघींनी आराखड्यावर ठरवले आहे. त्यासाठी त्यांच्या खोलीतील भिंतीलगतची दोन बाके बाहेर काढावी लागतील. शिपाईमामांशी तसे बोलणे झाले आहे.