मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: किलोमीटर वेगळे, तास वेगळे

'तुमचं सॅन फ्रान्सिस्को नक्की किती लांब?' असं भारतातून कुणी विचारलं की मी आधी आकडा सांगून टाकतो: गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेने मुंबईपासून साधारण साडेतेरा हजार किलोमीटर. पण त्यावरून प्रवासाचे तास मोजायला गेलात तर फसाल.

भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डाव्या टोकाला असते, त्यामुळे विमान युरोप आणि अटलांटिक ओलांडून जात असणार असं आपण धरूनच चालतो. घरात मुलांचा पृथ्वीचा गोल असेल तर दोन्ही शहरांवर दोरा ताणून बघा. तो पश्चिमेला वळतच नाही. सरळ उत्तरेला चढतो, सैबेरिया आणि आर्क्टिक महासागर ओलांडतो आणि अलास्काच्या बाजूने खाली येतो. पूर्व-पश्चिम मोजलं तर कॅलिफोर्निया भारतापासून जवळपास अर्ध्या पृथ्वीवर आहे. पूर्वेकडून काय, पश्चिमेकडून काय, दोन्ही वाटा लांबच.

यातली खरी गंमत एअर इंडियाने दाखवली. त्यांचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून, सुमारे १३,९०० किलोमीटरच्या वाटेने जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते प्रशांत महासागरावरून नेलं. अंतर वाढून झालं १५,३०० किलोमीटर, आणि वेळ मात्र सुमारे दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आला! कारण वारा. विमानं ज्या उंचीवरून उडतात तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. पूर्वेकडे निघालेल्या विमानाला पाठीवर वारा मिळतो, उलट दिशेने जाणाऱ्याला तोच वारा छातीवर घ्यावा लागतो. परतीचं विमान अटलांटिकवरून यायचं, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच. जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण! आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने पुण्यही मोजलं असतं.

वाऱ्याचं एक वेळ ठीक, पण देशांची भांडणंही असतात. २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी मध्येच युरोपात उतरावं लागलं. कधी यंत्रच दगा देतं: जून २०२३ मध्ये याच दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावरचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियातल्या मगदानला उतरलं. मगदान कुठे आहे हे त्या दिवशी अनेकांनी पहिल्यांदाच नकाशात शोधलं असेल.

आता आई-बाबांचं तिकीट काढणाऱ्यांसाठी. तिकिटावर निघायची आणि पोचायची वेळ त्या-त्या गावची असते. उन्हाळ्यात इथे सॅन फ्रान्सिस्कोत आम्ही भारताच्या साडेबारा तास मागे असतो, हिवाळ्यात साडेतेरा. म्हणून पहाटे निघून 'त्याच दिवशी सकाळी' पोचल्याचं दिसतं, त्यावर भुलू नका. एकूण प्रवासाचे तास वेगळे लिहिलेले असतात, ते वाचा. विमान बदलायचं असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या, आणि मध्ये निदान तीन तास ठेवा. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. चालता येत असलं तरी मागा, मोठ्या विमानतळांवरची पायपीट फार असते. आणि लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत, नीट बांधून. हातातल्या पिशवीतल्या पातळ पदार्थांना १०० मिलिलिटरची मर्यादा असते, आणि सुरक्षा तपासणीवाल्यांना तुमच्या कैरीचं कौतुक नसतं.