सावलीची राखण

परवा दुपारी भाचीला जेवायला हाक मारायला गच्चीवर गेलो. बायकोनं साबुदाण्याच्या चकल्या वाळत घातल्या होत्या आणि राखणीला हिला बसवलं होतं. नऊ वर्षांची, नागपूरची. "अगं, ऊन केवढं!" म्हटलं, तर म्हणते, "हे काय ऊन आहे, मामा? आमच्याकडे ये मग."

चकल्यांकडे तिचं लक्षच नव्हतं. दप्तरातली स्टीलची बाटली फरशीवर उभी करून ती शेजारी उकिडवी बसली होती. बाटलीच्या सावलीच्या टोकाशी खडूच्या रेघा, रेघेपुढे वेळ आणि वेळेपुढे एक आकडा. १०.४० ला १७, ११.०५ ला ११, ११.३० ला ६, १२.०५ ला २. मी जागीच थांबलो. तारीख १३ मे. पुण्यात साधारण याच सुमाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो नि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली गडप होते. पोरीला हे कुणी सांगितलं?

कुणीच सांगितलेलं नसणार. तिच्या आईनं सोबत दिलेल्या यादीत अबॅकस होतं, सुलेखन होतं, रोबोटिक्सच्या शिबिराचा फॉर्म होता. तो फॉर्म मी फ्रिजवर ठेवून विसरलो. मुद्दाम विसरलो म्हणा हवं तर. सुट्टीत पोरांना सकाळी नऊला कुठेतरी नेऊन सोडायचं, हे मला कधी झेपलंच नाही.

आमच्या सुट्ट्या मिरजेला, आजीकडे. एक मेला निकाल लागला की एसटीत बसायचं. तिथं काम एकच, वाळवणाची राखण. मजुरी म्हणजे पहाटे कुरडयांचा गरम चीक, दूध-साखर घालून. वर उघडी काळी छत्री कावळ्यांसाठी ठेवलेली, हातात काठी, आणि पुढ्यात नुसता वेळ. मला घड्याळ नव्हतं. म्हणून कपडे वाळत घालायच्या तारेचा जो लोखंडी खांब होता, त्याची सावली मी कोळशानं आखायला लागलो. आजी जेवायला हाक मारायची तेव्हा साडेबारा झालेले असत. त्या वेळी सावलीचं टोक जिथं असेल तिथं 'जेवण' असं लिहून ठेवलं. पहिल्या दिवसांत ते खांबाच्या उत्तरेला, न्हाणीघराच्या बाजूला, चार बोटांवर होतं. मग रोज थोडं आत सरकायला लागलं. एक दिवस सापडेचना. आणि महिना संपता संपता ते खांबाच्या चक्क पलीकडे, दक्षिणेला निघालं, तेही वीतभर! मामेभावानं खांब हलवला असणार, अशी माझी खात्रीच झाली. यावरून आम्ही दोन दिवस बोलत नव्हतो. खांब सिमेंटमध्ये रोवलेला होता, ही बारीकशी अडचण दोघांच्याही ध्यानात आली नाही.

पुढे शाळेत नकाशात कर्कवृत्त भेटलं, तुटक रेघेचं. साडेतेवीस अंश, पाठ. अख्खा महाराष्ट्र त्या रेघेच्या खाली, म्हणून आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य डोक्यावर येतो आणि दिल्लीवाल्यांना ते सुख कधीच नाही. हे नि तो खांब एकच आहेत, हे मला कळायला चाळिशी यावी लागली. दुसरी खेप जुलैअखेरीची, पण तेव्हा बघायला सूर्य असतो कुठे! आजी साडेबाराला म्हणायची, "ऊन माथ्यावर आलं, चला." घड्याळाचे बारा तिला कधी पटले नाहीत. बरोबरच होतं तिचं. आपलं घड्याळ चालतं मिर्झापूरच्या बाजूच्या रेखांशावर, इकडे सूर्याला यायला अर्धा तास उशीरच होतो.

हे सगळं पोरीला सांगायला जीभ वळवळत होती. पण नाही बोललो. खाली जेवण निवत होतं, तरी टाकीला टेकून उभा राहिलो. बारा सत्तावीस. तीस. मोबाइल बघून मला राहवेना. एकतीस झाले नि मी तिच्या डोक्यावर वाकून ओरडलोच, "बघ, बघ! सावली गेली!"

ती वैतागली. "सरक न, मामा! तुझी सावली पडून राहिली त्यांच्यावर. आता मोजू कशा?"

"कुणाला मोजतेस?"

बाटलीच्या बुडाशी दोन मुंग्या होत्या. चकलीचा एक कण ओढत थबकलेल्या, माझ्या डोक्याच्या सावलीत. तिसरी घाईघाईनं तिकडेच येत होती. भाचीनं खडू उचलला, १२.३१ लिहिलं, आकडा लिहिता लिहिता थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू आल्यावरचं धरायचं का नाही?"