छापखान्यातले पीसी बदलताना

मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला. ऐन दिवाळीच्या तोंडावर! पुण्यात नारायण पेठेतल्या आमच्या छापखान्यात तेव्हा मान वर करायला फुरसत नसते.

पीसी पाच. विंडोज ११च्या तपासणीत दोन पास झाले. त्यातल्या एकाचं टीपीएम (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय) बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये, नुसतं बंद होतं, ते चालू केलं. (विक्रेत्याने हे सांगितलं नव्हतं, त्याला नवा पीसी खपवायचा होता.) उरलेल्या तिघांत सहाव्या पिढीचे आय-फाइव्ह. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, त्यामुळे रॅम वाढवून उपयोग नाही. पैसे भरून मुदतवाढ मिळते, पण व्यवसायासाठी मशीनमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि तीनच वर्षं. बेरीज ४२७ डॉलर. त्यात साधा नवा पीसी येतो.

दोन नवे घ्यायचं ठरलं. सीएंनी बजावलं, "संगणकाला घसारा, म्हणजे किमतीची करातली वजावट, वर्षाला ४० टक्के, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलात तर निम्माच." मग २ ऑक्टोबरला, दसऱ्याला, टिळक रोडवरून आणून त्याच दिवशी कामाला लावले. ३१ मार्चपर्यंत १८१ दिवस भरतात. मुहूर्त साधला, हिशोबही. जीएसटीचं क्रेडिट मिळालं ते वेगळं.

खरा खर्च पुढे होता. आमचं जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टच्या (जुन्या प्रिंटरच्या जोडणीच्या) डोंगलवर, म्हणजे परवान्याच्या किल्लीवर, चालतं आणि नव्या पीसींना ते पोर्टच नाही. नवा परवाना घेतला, तरी जुन्या फाइली युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात) आणायच्याच. कन्व्हर्टर बरंचसं काम करतो, पण रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात. म्हणजे एकदा छापून झालेल्या मजकुराचं पुन्हा प्रूफ वाचा! मशीनच्या बिलापेक्षा हे तास मला जास्त जड गेले.

शेवटी सगळं बदलायचा नाद सोडला. एक जुना पीसी नेटची वायर काढून कोपऱ्यात ठेवला, डोंगलसकट. जुनी फाइल तिथेच उघडते, पीडीएफ पेनड्राइव्हने बाहेर येते. दरवर्षी लागणारे अहवाल आणि पावतीपुस्तकं तेवढी युनिकोडमध्ये आणली.

डीटीपीचा (संगणकावरच्या अक्षरजुळणीचा) पानामागचा दर मात्र वाढवला. एका संस्थेच्या कार्यवाहांनी कारण विचारलं. मी सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून म्हणाले, "पण मजकूर तर गेल्या वर्षीचाच आहे ना?"