ओळखलंत का, असं विचारू नका

गणपतीत घर भरतं आणि मला धास्ती वाटते. मुंबईहून आलेला माणूस पडवीत चपला काढतो, माझ्या सासूबाईंपुढे उभा राहतो आणि विचारतो, "काकी, ओळखलंत का मला?"

आई हसतात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहतात आणि डोळे हळूच माझ्याकडे वळवतात. मी नाव सांगायच्या आत समोरचा म्हणतो, "अहो, असं काय करता? आठवा बघू!"

आठवत असतं तर सांगितलं नसतं का त्यांनी?

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला, त्याआधी थायरॉइड आणि बी-१२ तपासलं. त्यातल्या बिघाडानेही विसरायला होतं आणि ते औषधाने सुधारू शकतं. तेवढंच निघू दे, म्हणून मी देवाला हात जोडले होते. नाही निघालं. नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग या आजारात बहुधा आधी बिघडतो, असं डॉक्टरांनी समजावलं. म्हणून आईंना सकाळची पेज आठवत नाही, पण माहेरच्या विहिरीच्या पायऱ्या अजून मोजून सांगतात.

मे महिन्यात रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, टोपली भीत भीतच त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एक फळ उचललं, अंगठ्यांनी दाबून फोडलं. बिया गरासकट पातेल्यात, साल सुपात. मग दुसरं. तासभर हात थांबले नाहीत. "रसात मीठ घातलंस ना गो? सालांना रसाची पुटं नीट दे, नाहीतर आमसुलं कडक होतील." त्या दिवशी माझं नाव त्यांना आठवत नव्हतं. मला चाललं.

भेटायला येणाऱ्यांनी आधी स्वतःचं नाव सांगावं, नातं सांगावं, एवढंच माझं मागणं आहे. आणि "काही लागलं तर सांगा" म्हणण्यापेक्षा दोन तास बसावं. शेजारच्या वहिनी दर बुधवारी बसतात, म्हणून मला बाजार करता येतो. फारच कोंडल्यासारखं झालं तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलतात.

यंदा गणपतीत आईंची पुतणी आली. त्यांच्या शेजारी बसली, नाव सांगितलं, कोणाची मुलगी ते सांगितलं. आईंनी तिचा हात हातात घेतला. "जेवलीस का गो?"

दहा मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं.

"हो काकी, पोटभर," ती दोन्ही वेळा तेवढ्याच मायेने म्हणाली.