थंडी कांद्याच्या गावी

डिसेंबरच्या दुपारी निफाडकडे ऊन पाठीला बरं वाटतं आणि सावलीत शिरलं की काटा येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा ५ अंशांखाली गेला की गावभर बोलणं द्राक्षांचंच. बागांत शेकोट्या पेटतात. कांद्यासाठी कोण लाकूड जाळतंय? त्याला संध्याकाळी हलकं पाणी दिलं की झालं. ओली जमीन रात्री लवकर निवत नाही. तरीही पातीवर दव गोठलंच तर शेंडे पांढरे पडतात आणि मागोमाग करपा, म्हणजे पात जाळणारा रोग, शिरतो.

खरा घोळ मात्र आधीच, लागवडीच्या तारखेत झालेला असतो. रोप बारीक असेल तर थंडी त्याच्या गावीही नसते. मान पेन्सिलीएवढी जाड झाल्यावर १०-१२ अंशांच्या रात्री लागोपाठ आल्या, की ते पोसायचं सोडून फुलायला निघतं. मधूनच पोकळ दांडा वर येतो, तो डेंगळा. मोडून उपयोग नाही. कांद्याच्या पोटात त्याचं टणक खुंट राहतंच, आणि असा माल साठवणीच्या चाळीत टिकत नाही. लवकर लावलेल्या रांगड्याला, म्हणजे खरीप आणि उन्हाळ यांच्या मधल्या कांद्याला, ही धास्ती कायमची.

उन्हाळ कांद्याचं बी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत टाकावं, एकरी ३ ते ४ किलो. ५०-५५ दिवसांचं रोप शेंडा एक तृतीयांश छाटून १५ बाय १० सेंटिमीटरवर लावावं. डिसेंबरात उरकलं तर उत्तम, फार तर जानेवारीचा पहिला आठवडा. निबर, जाड रोपं आधीच बाजूला काढावीत. हे मजुरांना पटवणं महाकठीण, कारण जाड रोप हाताला बरं लागतं आणि दिसतंही गोजिरं.

उशीर केला तर डेंगळे टळतात, वजनही टळतं. दिवस मोठा झाला, ऊन तापलं, की पाती किती आल्यात हे न बघता कांदा धरायला लागतो. कांदा आडवा चिरून पाहा: जितक्या पाती, जवळपास तितके पापुद्रे. पाच-सहा पातींवर धरला तर गोल्टीच, म्हणजे बारका कांदाच निघणार, खत कितीही ओता.

बी घरचं करणारे मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात निवडक कांदेच पुरतात. त्यांना दांडे हवे असतात. थंडी पडली नाही की ते चरफडतात, आणि बांधापलीकडचा, विकायला कांदा लावणारा, खूश.